दोष कुठला, गुण कुठला? क्वांटम डॉट लेझरची चाळीस वर्षं



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञानाचा मास्तर लेझरवर काय बोलणार? शंका रास्त आहे. लेझर कसा बांधायचा ते आम्ही सांगणार नाही, ते काम ज्यांचं त्यांनी करावं. पण विज्ञानाचा इतिहास वाचताना आमच्यासारख्यांना एक प्रश्न सारखा छळतो. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट मनासारखी वागली नाही की आपण तिला 'दोष' म्हणतो. हा दोष वस्तूत असतो, की आपण तिला विचारलेल्या प्रश्नात असतो? क्वांटम डॉट नावाच्या अगदी सूक्ष्म कणांचा इतिहास या प्रश्नाला तीन वेळा सामोरा गेलेला आहे. त्या तीन प्रसंगांच्या वाटेनं आज आपण जाऊ.

सुरुवात जरा मागून करू. वैशेषिकांनी पदार्थाचे चोवीस गुण मोजले. त्यात 'रूप' म्हणजे रंग हा एक गुण आणि 'परिमाण' म्हणजे आकारमान हा दुसरा. दोन्ही स्वतंत्र. मातीचं कच्चं मडकं भट्टीत घातलं की लाल होतं. हा रंग नेमका कुठे बदलतो, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. वैशेषिक म्हणाले, उष्णतेनं मडक्याचे परमाणू सुटे होतात, रंग परमाणूत बदलतो आणि मग मडकं पुन्हा जुळतं. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणाले, एवढा खटाटोप कशाला? मडकं आहे तसंच राहतं, अख्ख्या मडक्याचा रंग बदलतो. हा पिठरपाकवाद. तिकडे इंग्लंडात जॉन लॉकनं सतराव्या शतकाच्या शेवटी आकार, आकारमान हे वस्तूचे प्राथमिक गुण आणि रंग हा दुय्यम, असा भेद केला. म्हणजे बघा, दोन वेगळ्या परंपरा, पण दोघींच्या वहीत रंगाचा रकाना वेगळा आणि आकारमानाचा वेगळा.

यावरून कुणी लगेच 'आपल्या पूर्वजांना क्वांटम ठाऊक होतं' असं म्हणू नये. नव्हतं. पण प्रश्न मात्र त्यांनी नेमका विचारला होता: तापवल्यावर रंग का बदलतो, आणि बदलतो तो कुठल्या पातळीवर?

आता 1980च्या सुमाराच्या लेनिनग्राडला जाऊ. तिथल्या वाविलोव्ह ऑप्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सेई एकिमोव्ह काचेवर काम करत होते. काचेत क्युप्रस क्लोराइड मिसळायचं आणि ती काच तापवायची. कधी 500 अंशांवर, कधी 700 अंशांवर. कधी एक तास, तर कधी 96 तास. काच थंड झाली की क्ष-किरणांनी तपासायची. आत क्युप्रस क्लोराइडचे बारीक स्फटिक तयार झालेले असत, कुठे 2 नॅनोमीटरचे, कुठे 30 नॅनोमीटरचे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एकिमोव्हना दिसलं ते असं, की रसायन तेच, काच तीच, पण स्फटिक जितका लहान, तितकी त्याची प्रकाश शोषण्याची जागा निळ्या टोकाकडे सरकलेली. 1981 साली त्यांनी आणि ओनुश्चेन्को यांनी हे सोव्हिएत नियतकालिकात प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर एफ्रोस यांनी भावाच्या साथीनं त्यामागचं गणित मांडलं.

हे का होतं, ते वाद्यावरून चटकन समजेल. सतारीची तार पडद्यावर दाबून लांबी कमी केली की स्वर चढतो. तार तीच, ताण तोच. इलेक्ट्रॉनलाही तरंगाचा स्वभाव आहे. त्याला मोठ्या स्फटिकात मोकळं सोडलं तर तो आपल्या चालीनं वागतो. पण दोन-चार नॅनोमीटरच्या खोलीत कोंडलं तर त्याचा 'स्वर' चढतो, म्हणजे ऊर्जा वाढते आणि रंग निळ्याकडे जातो. कॅडमियम सेलेनाइडचं उदाहरण घ्या. त्याचा 2-3 नॅनोमीटरचा कण निळा-हिरवा चमकतो, 6 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल. परिमाण बदललं की रूप बदललं. दोन रकाने एकमेकांत मिसळले.

इकडे लेनिनग्राडात हे घडत असताना अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये, लुई ब्रुस यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते रसायनशास्त्रज्ञ. कॅडमियम सल्फाइडचे बारीक कण द्रावणात तयार करायचे आणि प्रकाशाच्या मदतीनं त्यांच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया घडवून आणायच्या, हा त्यांचा उद्योग. द्रावणात तरंगत राहणाऱ्या, तळाशी न बसणाऱ्या अशा बारीक कणांच्या मिश्रणाला कलिल म्हणतात. दूध हे घरातलं उदाहरण. ब्रुस यांच्या लक्षात आलं, की नमुना टेबलावर काही काळ तसाच ठेवला की त्याचे प्रकाशीय गुण बदलतात.

हा पहिला प्रसंग. अशा वेळी आपण काय करतो? 'नमुना शिळा झाला' म्हणतो आणि मोरीत ओतून ताजा करतो. ब्रुसना ज्या क्रिया अभ्यासायच्या होत्या, त्यांच्या दृष्टीनं हा दोषच होता. पण त्यांनी प्रश्न बदलला. कण पडल्या पडल्या वाढत असतील का? मग त्यांनी मुद्दाम साडेचार नॅनोमीटरचे आणि साडेबारा नॅनोमीटरचे कण शेजारी ठेवून तपासले. मोठे कण नेहमीच्या कॅडमियम सल्फाइडसारखे वागले, छोट्यांचं शोषण निळ्याकडे सरकलेलं होतं. 1983 साली हे छापून आलं. शीतयुद्धाच्या भिंतीच्या दोन बाजूंना, एकाला काचेत आणि दुसऱ्याला द्रावणात, एकच गोष्ट सापडली होती.

ब्रुस यांच्याबरोबर काम केलेले मौंगी बावेंडी पुढे एमआयटीत गेले. 1993 मध्ये त्यांनी क्रिस्टोफर मरे आणि डेव्हिड नॉरिस यांच्यासह एक कृती दिली: तापलेल्या द्रावकात कच्चा माल एकदम टोचायचा, म्हणजे सगळे स्फटिक एकाच क्षणी जन्माला येतात आणि मग सारखेच वाढतात. एकसारखे, निर्दोष कण हवे तेवढे मिळू लागले. एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी या तिघांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याबद्दल.

आता लेझरकडे येऊ. आइन्स्टाइन यांनी 1917 मध्ये मांडलं होतं, की ऊर्जा साठवून बसलेल्या अणूवर नेमक्या रंगाचा प्रकाश पडला, तर तो अणू तस्साच दुसरा प्रकाशकण सोडतो. यालाच उत्तेजित उत्सर्जन म्हणतात. एकाचे दोन, दोनाचे चार. मात्र त्यासाठी भरलेल्या अणूंची संख्या रिकाम्यांपेक्षा जास्त लागते, नाहीतर रिकामे अणू तोच प्रकाश गिळून टाकतात. 1960 मध्ये मेमन यांनी माणकाच्या दांड्यातून पहिला लेझर चालवून दाखवला.

क्वांटम डॉटपासून लेझर करावा ही कल्पना टोकियोच्या अराकावा आणि साकाकी यांनी 1982 मध्येच मांडली. इलेक्ट्रॉनला तिन्ही दिशांनी कोंडलं, तर तापमान बदललं तरी लेझर फारसा बिचकणार नाही, असं त्यांचं गणित होतं. निर्वात पात्रात थरावर थर चढवून वाढवलेल्या डॉटचे लेझर 1994 मध्ये बर्लिन आणि सेंट पीटर्सबर्गच्या संशोधकांनी करूनही दाखवले. पण चंबूत शिजवलेल्या कलिल-डॉटचं काय? ते शाईसारखे कुठेही फासता येतात, काचेवर, प्लॅस्टिकवर, धाग्यावर. रंग हवा तो. चमक उत्तम. आणि तरीही लेझर होईना. ही रखडपट्टी काही वर्षं चालली.

कारण मोठं गमतीचं आहे, आणि हाच आपला दुसरा प्रसंग. डॉटच्या सर्वांत खालच्या मजल्यावर दोन इलेक्ट्रॉनांची सोय असते. एकच वर उचलला, तर जेवढी शक्यता प्रकाश देण्याची, तेवढीच गिळण्याची. जमाखर्च शून्य. नफा हवा, तर एकाच डॉटमध्ये एकापेक्षा जास्त जोड्या भराव्या लागतात. पण त्या चिमुकल्या खोलीत दोन जोड्या आल्या की धक्काबुक्की सुरू होते. एक जोडी विझताना आपली ऊर्जा प्रकाशाला देण्याऐवजी शेजारच्याच्या अंगावर ढकलते आणि ती उष्णता होऊन वाया जाते. याला ऑजे प्रक्रिया म्हणतात. एकटी जोडी साधारण वीस नॅनोसेकंद टिकते. दोन झाल्या की काम शेकडो, कधी दहापाच पिकोसेकंदांत आटोपतं. म्हणजे आयुष्य शंभर पटींनी, कधी त्याहूनही जास्त घटलं. आणि डॉट जितका लहान, तितकी ही गळती वेगवान.

इथे जरा थांबून बघा. ज्या कोंडण्यामुळे डॉटला रंग मिळाला, त्याच कोंडण्यामुळे लेझर अडला. गुण आणि दोष यांची आई एकच. मग दोष काढायला जावं तर गुणही जायचा! व्यवहारातही आपल्याला हे दिसतं. ज्या काटेकोरपणामुळे माणूस उत्तम हिशेबनीस होतो, त्याच काटेकोरपणामुळे घरचे त्रासतात.

लॉस अलामॉसच्या व्हिक्टर क्लिमोव्ह यांनी बावेंडी यांच्या गटासह 2000 साली यातून वाट काढली. गळती थांबवायच्या आधी त्यांनी तिच्याशी शर्यत लावली. डॉट इतके दाटीवाटीनं थरात बसवले, की गळती व्हायच्या आत एकाचा प्रकाश दुसऱ्याला जाऊन उत्तेजित उत्सर्जन उरकून घेईल. विरळ द्रावणात न जमलेली गोष्ट दाट थरात जमली. कलिल-डॉटमध्ये प्रकाश वाढवता येतो हे सिद्ध झालं, आणि दोनेक वर्षांत अशा डॉटचे छोटे लेझरही चालू झाले.

पुढची पायरी गळतीच कमी करण्याची. डॉटभोवती दुसऱ्या पदार्थाचं कवच चढवतात हे माहीत होतं. पण कवचाची भिंत एकदम उभी असेल तर ऑजेला जोर चढतो. ती हळूहळू उतरती केली तर तो मंदावतो. 2010 मध्ये हे गणितानं दाखवणाऱ्या दोघांपैकी एक होते एफ्रोस, तेच लेनिनग्राडचे एफ्रोस, आता अमेरिकेत स्थायिक झालेले. एकाच माणसानं ऐन उमेदीत गुणाचं गणित मांडलं आणि उतारवयात त्याच गुणाच्या दोषाचं. अभ्यासकाच्या आयुष्याला याहून सुंदर गोलाई क्वचित येते. मग 2012 मध्ये ब्राउन विद्यापीठात नुर्मिक्को यांच्या गटानं लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग डॉटच्या थरांतून मिळवले, 2017 मध्ये टोरोंटोच्या सार्जंट यांच्या गटानं अखंड चालणारं लेझिंग दाखवलं आणि 2023 मध्ये क्लिमोव्ह यांच्या गटानं वीज देऊन डॉटच्या थरात प्रकाशाचं वर्धन घडवलं.

आता तिसरा प्रसंग, आणि विषयाचा गाभा: संवेदन, म्हणजे एखादी गोष्ट 'आहे की नाही, किती आहे' हे ओळखणं. त्यासाठी आपल्याला एका घुमटात जावं लागेल. विजापूरचा गोलघुमट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला कान लावलेल्याला ते स्वच्छ ऐकू येतं. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्येही असाच सज्जा आहे. आवाज गोल भिंतीला चिकटून सरकत जातो, असं स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी दिलं. 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सदरलँड यांच्यासह सेंट पॉलमध्ये प्रयोग केले आणि नंतर भारतातल्या अशा वास्तूंचाही अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आपला गोलघुमट होता.

आता हाच घुमट मनातल्या मनात आकुंचित करा, काही मायक्रोमीटरच्या गोळीएवढा. केसाच्या जाडीहूनही पुष्कळ लहान. गोळी क्वांटम डॉटचीच रचलेली, किंवा त्यांचा थर दिलेली. आवाजाऐवजी प्रकाश. तो आतल्या बाजूनं भिंतीला चिकटून गोल गोल फिरतो आणि फेरीत पूर्ण संख्येइतके तरंग मावले की तोच रंग बळावतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी 2018 मध्ये डॉट स्वतःहून गोळा होऊन बनलेल्या अशा गोळ्यांतून लेझर मिळवला. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातही यावर काम चालू आहे.

या गोळीची एक खोड आहे. फिरणारा प्रकाश भिंतीच्या किंचित बाहेरही डोकावतो. बाहेर पाण्याऐवजी साखरेचं पाणी आलं, किंवा पृष्ठभागावर एखाद्या प्रथिनाचा थर चिकटला, तर प्रकाशाची फेरी अगदी किंचित लांबते आणि लेझरचा रंग किंचित सरकतो. दूरसंचाराच्या इंजिनिअरला विचारा, तो कपाळाला हात लावेल. रंग सरकणारा लेझर त्याच्या काय कामाचा? पण रोगनिदान करणाऱ्याला हे सरकणंच हवं असतं. गोळीवर आधीच असं प्रतिपिंड बसवून ठेवायचं, की ते एका ठरावीक प्रथिनालाच धरेल. ते प्रथिन नमुन्यात असेल तर चिकटेल, चिकटलं तर रंग सरकेल. सरकणं हाच निरोप.

मग यासाठी लेझरच का? डॉटची साधी चमक पुरणार नाही का? नाही पुरत. साध्या चमकेचा पट्टा वीस-तीस नॅनोमीटर रुंद असतो, लेझरची रेघ एक नॅनोमीटरहूनही बारीक. खडूच्या जाड रेघेवर केसभर सरकणं दिसत नाही. टोकदार पेन्सिलीच्या रेघेवर दिसतं.

संवेदनाची दुसरी वाट वायूंची आहे. प्रत्येक वायू ठरावीक रंगाचा अवरक्त प्रकाश गिळतो. तो रंग नेमका सोडता आला की वायू ओळखता येतो. या वाटेवर एक ओळखीचं नाव भेटतं. कुमार पटेल, जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्यात. त्यांनी 1964 मध्ये बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. 1971 मध्ये क्रॉयझर आणि पटेल यांनी लेझर वापरून हवेतला नायट्रिक ऑक्साइड अत्यल्प प्रमाणातही पकडून दाखवला. युक्ती अशी, की वायूनं प्रकाश गिळला की तो तापतो, प्रसरण पावतो आणि बारीक आवाज होतो. तो मायक्रोफोननं ऐकायचा. म्हणजे हवेतलं प्रदूषण अक्षरशः कानानं ऐकलं! क्वांटम डॉटचा यात फायदा असा, की कणाचं आकारमान बदलून रंग ठरवता येतो. लेड सल्फाइडच्या डॉटपासून बार्सिलोनाच्या कोन्स्टान्टाटोस यांच्या गटानं 2021 मध्ये नेहमीच्या तापमानाला चालणारा अवरक्त लेझर केला, दीड मायक्रोमीटरच्या जरा पुढच्या पट्ट्यात. मिथेन वायू 1.65 मायक्रोमीटरच्या सुमारास प्रकाश गिळतो. गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरण्याआधी आत कुठला वायू साचलाय, हे स्वस्तात कळणं म्हणजे काय, हे आपल्या शहरांत वेगळं सांगायला नको. तिथे हा प्रश्न माणूस वर येण्या-न येण्याचा असतो.

म्हणूनच इथे हात आखडता घ्यायला हवा. हे संवेदक आज प्रयोगशाळेत आहेत, मॅनहोलच्या तोंडाशी नाहीत. तीन अडचणी ध्यानात ठेवा. पहिली, यातले जवळजवळ सगळे लेझर चालवायला दुसरा लेझर लागतो. निरांजन लावायला शेजारी होळी पेटवण्यासारखंच ते. थेट विजेवर चालणारा कलिल-डॉट लेझर झाल्याशिवाय स्वस्त, खिशात मावणारं यंत्र होणार नाही. 2023 चा प्रयोग त्या उंबरठ्याशी आहे, घरात नाही. दुसरी, रंग प्रथिन चिकटल्यानं सरकतो, तसा तापमान बदलल्यानंही सरकतो. शेजारी मोकळी, प्रतिपिंड न लावलेली गोळी ठेवून तुलना केल्याखेरीज निरोप खरा की खोटा, हे कळत नाही. दोष आपोआप गुण होत नाही. दोन सरकण्यांत भेद करण्याची शिस्त पाळली तरच होतो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. उत्तम डॉट कॅडमियम किंवा शिशाचे आहेत आणि दोन्ही विषारी. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं आणि लोकांची हाडं ठिसूळ झाली. दुखणं इतकं असह्य, की रोगाचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय' असं पडलं. 1968 मध्ये जपान सरकारनं त्याचं कारण कॅडमियम असल्याचं मान्य केलं. युरोपीय संघात विजेच्या उपकरणांत कॅडमियमची मर्यादा वजनाच्या 0.01 टक्का आहे, त्यामागे असा इतिहास आहे. टीव्हीच्या पडद्यांत इंडियम फॉस्फाइडचे बिनकॅडमियमचे डॉट आले, पण लेझरच्या कामात त्यांना अजून मोठा पल्ला गाठायचा आहे. आरोग्य तपासणारी पट्टी कचऱ्यात गेल्यावर कुणाच्या विहिरीत उतरणार, हा प्रश्न शोधाच्या पहिल्या दिवसापासून विचारायचा असतो.

तर मंडळी, तिन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघा. ब्रुस यांचा शिळा नमुना, डॉटच्या पोटातली धक्काबुक्की आणि गोळीचा सरकणारा रंग. पहिल्यात दोष हाच शोध ठरला. दुसऱ्यात तो दोषच राहिला, त्याच्याशी कित्येक वर्षं झगडा चालू आहे. तिसऱ्यात प्रश्न बदलल्यावर दोषाचं मोजमाप झालं. 'प्रत्येक अडचण ही संधी असते' अशी वाक्यं हल्ली भिंतींवर रंगवतात. हा इतिहास तसं म्हणत नाही. तो म्हणतो, कुठला दोष कुठल्या जातीचा आहे, हे आधी तपासा. फेकून देण्याची घाई करू नका आणि गौरव करण्याचीही करू नका.

उद्या वर्तमानपत्रात 'एका थेंबात रोग ओळखणारा क्वांटम लेझर' अशी बातमी येईल. तेव्हा तीनच प्रश्न विचारा. तो विजेवर चालतो का? तापमानानं सरकला की रोगानं, हे त्याला कळतं का? आणि वापरून झाल्यावर तो जातो कुठे? एवढे तीन प्रश्न विचारता आले, तरी आजचा तास सत्कारणी लागला.